धुराचं पाणी

धानोलीत नळाला ते पाणी पहिल्यांदा आलं तेव्हा लोकांनी आधी ते हुंगून पाहिलं. वास नव्हता, रंग नव्हता. तरी दुपारपर्यंत गावानं त्याचं नाव ठेवून टाकलं होतं, धुराचं पाणी.

शिवलीला बिराजदारला हे नाव फार लागलं. गावाबाहेरच्या गॅस वीजकेंद्रात ती रसायनतज्ज्ञ होती आणि हे पाणी गावापर्यंत आणण्यात तिच्या उमेदीची काही वर्षं गेली होती. शिवाय त्या केंद्राच्या धुराड्यातून धूर असा कधी निघतच नसे. कोळशाच्या केंद्राची राख नाही, काजळी नाही. निघायची ती नुसती तापलेली हवा, आणि त्या हवेत मिसळलेली वाफ.

सगळी गोष्ट त्या वाफेची होती. नैसर्गिक वायू म्हणजे बहुतांशी मिथेन. तो जळला की त्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचं पाणी. किलोभर वायू जाळला तर दोन किलोंहून जास्त पाणी तयार होतं, पण ते वाफ होऊन आभाळात जातं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. धानोलीच्या केंद्रात विमानाच्या इंजिनासारखं एक प्रचंड यंत्र होतं. वायू जळून जो झोत निघे त्यावर एक चक्र फिरे आणि वीज होई. बाहेर पडणारी हवा तरीही इतकी तापलेली असे की तिच्यावर बॉयलर उकळून दुसरं, वाफेचं चक्र फिरवता येई. एकाच आगीवर दोन कामं. ही दोन्ही कामं झाली की उरलेली हवा धुराड्यात जाई.

शिवलीला आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या वाटेवर नळ्यांचं एक जंगल उभं केलं होतं. चिनी मातीसारख्या पदार्थाच्या बारीक नळ्या, आणि त्यांच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. इतक्या अरुंद छिद्रात शिरलेली वाफ मोकळ्या हवेतल्यापेक्षा लवकर पाणी होते. त्या पाण्यानंच छिद्र बुजतं आणि बाकीचे वायू बाहेर राहतात. नळीच्या आत नुसतं पाणी झिरपत जातं. वाफेतलं निम्मं पाणी असं परत मिळे. केंद्र दिवसभर चाललं तर धानोलीची गरज भागून उरे. सोलापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या सीमेला टेकलेल्या त्या तालुक्याच्या गावात बोअर आटून कैक वर्षं झाली होती आणि गाव टँकरवर जगत होतं. २०३८ साली नळ सुरू झाले. नगराध्यक्षा राजश्री कोरे यांनी चौकात पेढे वाटले.

शिवलीलानं घरी पहिला तांब्या भरून अप्पांसमोर ठेवला.

तिचे वडील चन्नप्पा बिराजदार यांचा बाजारपेठेत गोटी सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराचीच पुढची लांब खोली. मागच्या अंगणात खोल विहीर, आणि गावाचं म्हणणं असं की बिराजदारांच्या सोड्याची चव गॅसमध्ये नाही, विहिरीत आहे. किंचित खारवट, जिभेवर रेंगाळणारं पाणी. विहीर आटली तेव्हा अप्पांनी कारखाना बंद केला. टँकरच्या पाण्याचा सोडा विकणार नाही म्हणाले.

त्याआधी केंद्र उभं राहत असताना गावात जे आंदोलन झालं त्याच्या अग्रभागी तेच होते. हे केंद्र गावाचं उरलंसुरलं पाणी पिऊन टाकील अशी त्यांना धास्ती होती. केंद्राच्या फाटकासमोर ते आठवडाभर बसले. पुढे केंद्र पंख्यांनी थंड होतं, त्याला पाणी लागतच नाही, हे सगळ्यांना कळलं. पण तोवर त्यांच्या मुलीनं तिथं नोकरी धरली होती. त्या दिवसापासून अप्पांनी तिच्या कामाविषयी एक शब्द विचारला नव्हता. सकाळी डबा घेतलास का, एवढंच विचारत.

तांब्यातलं पाणी त्यांनी घोटभर घेतलं, तोंडात घोळवलं आणि अंगणात जाऊन थुंकलं.

“याला चवच नाही की, लीला,” ते म्हणाले. “मेलेलं पाणी आहे हे.”

तिला राग आला, पण त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. वाफेचं पाणी म्हणजे जवळजवळ बॅटरीत घालायचं पाणी. त्यात ना चुना, ना मीठ. तिनं चुनखडीच्या थरांतून ते फिरवायला सुरुवात केली, मापानं क्षार मिसळले. पाणी पिण्याजोगं झालं. डाळ लवकर शिजते म्हणून बायका खूश झाल्या, साबणाला फेस येतो म्हणून धोबी खूश झाला. तिची आई, अव्वा, चहा चांगला होतो म्हणाली. अप्पा मात्र प्यायला मठाच्या बोअरवरून कळशी आणत राहिले. त्या बोअरला दिवसाकाठी जेमतेम कळशीभरच पाणी येई.

दोन उन्हाळे बरे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात अडचण सुरू झाली.

राज्याची बहुतेक वीज आता सूर्यापासून येत होती. दिवसभर ती फुकट असल्यासारखी मिळे. संध्याकाळी सूर्य मावळायचा आणि नेमके त्याच वेळी घराघरांतले दिवे, पंखे, शेगड्या सुरू व्हायच्या. कोळशाच्या केंद्राला अंग मोडून उठायला अर्धा दिवस लागतो. गॅसचं केंद्र अर्ध्या तासात पूर्ण जोरात येतं. म्हणून संध्याकाळ सांभाळायला गॅसची केंद्रं ठेवलेली होती. धानोलीचं यंत्र तिन्हीसांजेला सुरू होई आणि गाव झोपलं की थांबे. तेवढ्यात मिळणाऱ्या पाण्यावर गाव कसंबसं भागवी. पण त्या वर्षी शेजारच्या माळावर बॅटऱ्यांचं मोठं आवार उभं राहिलं. दुपारची सूर्याची वीज साठवायची आणि संध्याकाळी सोडायची. आता संध्याकाळी केंद्राला बोलावणं येईनासं झालं. कुठलं केंद्र कधी चालवायचं हे मुंबईतलं एक यंत्र ठरवी आणि त्या यंत्राला धानोलीच्या हंड्यांविषयी काही माहीत नव्हतं.

गावाची रीतच बदलून गेली. भर मे महिन्यात लोक आभाळाकडे बघत, पाऊस यावा म्हणून नव्हे, नुसते ढग यावेत म्हणून. ढग आले की सूर्याची वीज कमी पडेल, केंद्र सुरू होईल, नळाला पाणी येईल. शिवलीलाला सकाळपासून फोन येत. आज केंद्र सुरू होणार आहे का? घरी बारसं आहे, आज सुरू होईल असं बघा की. तिच्या हातात काही नाही हे कुणाला पटत नसे.

शेवटी गावानं मागणी केली की वीज लागो न लागो, केंद्र पाण्यासाठी चालू ठेवा. फाटकासमोर पुन्हा मांडव पडला. आंदोलनाचा अनुभव असलेला माणूस म्हणून लोक अप्पांकडे आले. ज्या केंद्राला त्यांनी विरोध केला ते चालू ठेवण्यासाठी त्यांनी बसावं, यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. अप्पांनी थोडा विचार केला आणि सतरंजी घेऊन गेले. स्वतः ते पाणी पीत नव्हते, पण गल्लीतल्या बायका हंडे घेऊन वणवण करताना त्यांना बघवत नव्हतं. शिवलीलाची गाडी रोज त्या मांडवाजवळून आत जाई. बापलेक एकमेकांकडे बघत नसत.

वीज नियामक आयोगानं जनसुनावणी लावली, धानोलीच्याच नाट्यगृहात. कंपनीच्या वरिष्ठांना गावाची मागणी सोयीचीच होती. बंद यंत्र कुणाला परवडतं? त्यांनी शिवलीलाला सांगितलं की पाण्याचं महत्त्व तूच नीट मांड, तू गावची आहेस. नगराध्यक्षा कोरे घरी येऊन तेच सांगून गेल्या. आदल्या संध्याकाळी अव्वानं विचारलं की बोलणार काय. अजून ठरलं नाही, असं ती म्हणाली. ते खरं नव्हतं.

नाट्यगृह भरलं होतं. अप्पा पहिल्या रांगेत होते. शिवलीलाची पाळी आली तेव्हा तिनं आणलेला कागद बाजूला ठेवला.

“घरातला गॅसचा एक भरलेला सिलिंडर डोळ्यांसमोर आणा,” ती म्हणाली. “विजेची गरज नसताना केंद्र चालवलं, तर एका बादली पाण्यासाठी आपण साधारण तेवढा गॅस जाळू. एका बादलीसाठी एक सिलिंडर. त्यातून जो कार्बन डायऑक्साइड आभाळात जाईल त्यानं आपलेच पुढचे उन्हाळे आणखी तापतील. हे पाणी विजेबरोबर मिळतं तोवर ते वरकमाई आहे. नुसत्या पाण्यासाठी आग लावणं मला बरोबर वाटत नाही. मी याच गावची आहे, म्हणून सांगते.”

सभागृहात गलका झाला. मागून कुणीतरी ओरडलं की हिच्या घरी टँकर येत असेल. शिवलीलानं पहिल्या रांगेकडे पाहिलं. अप्पा उठून दाराकडे चालले होते.

आयोगानं गावाची मागणी मान्य केली नाही. टँकर परत सुरू झाले. पुढचे काही दिवस शिवलीलाशी दुकानात कुणी धड बोलेना. घरी अप्पा तसेच गप्प, अव्वा दोघांच्या ताटात वाढताना मधूनच उसासा टाकी. कंपनीनं तिला खुलासा विचारला नाही, पण बैठकांना बोलावणं बंद केलं.

तिच्या हाताला आता काम कमी होतं. एका दुपारी केंद्राच्या कुंपणामागच्या ओढ्याकडे ती पाय मोकळे करायला गेली. सगळं शिवार जळालेलं, ओढा कोरडा, पण त्याच्या काठची बाभळी-करंजांची एक रांग हिरवीगार होती. थोडं पुढे एक जुना हातपंप होता आणि त्यावर दोन बायका पाणी भरत होत्या. तिच्या लहानपणापासून तो पंप मेलेला होता. बायका म्हणाल्या, गेल्या दिवाळीपासून याला पाणी येतंय, कुणाला सांगू नका.

तिनं बाटली भरून घेतली आणि प्रयोगशाळेत तपासली. या भागातल्या पाण्यात मीठ असतं तितकं त्यात नव्हतं. चुना मात्र होता, आणि तो जवळपास तिनं घातलेल्या मापाचाच होता. मग तिला उलगडलं. पावसाळ्यात आभाळ आठवडेच्या आठवडे भरलेलं असतं, सूर्याची वीज कमी पडते, बॅटऱ्या रिकाम्या राहतात, आणि धानोलीचं यंत्र रात्रंदिवस चालतं. हवा थंड असल्यानं नळ्यांतून पाणीही जास्त निघतं. गावाच्या टाक्या भरल्या की उरलेलं सगळं ते ओढ्यात सोडून देत. तेच पाणी जमिनीत मुरलं होतं आणि या पंपातून वर येत होतं. उन्हाळ्यात ज्या पाण्यासाठी गाव भांडत होतं ते पावसाळ्यात ती स्वतःच्या हातानं फेकत होती.

भूजल खात्यात डॉ. यास्मिन मुजावर नावाची तिची कॉलेजमधली मैत्रीण होती. ती यंत्रं घेऊन आली, गावभर फिरली, जमिनीत हलके धक्के देऊन त्यांचे पडसाद टिपले. तिनं समजावून सांगितलं की आपला काळा पाषाण वरून अभेद्य वाटतो, पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये भेगांचा, पोकळ्यांचा एक थर असतो. गावाखालचा तो थर उपसून उपसून रिकामा झालाय. त्यात पाणी सोडलं तर ते तिथंच राहील, उन्हानं उडणार नाही. ओढ्यातून मुरतं ते थोडं. थेट त्या थरापर्यंत गेलेली विहीर हवी, आणि तीही गावाच्या उंच बाजूला.

नकाशावर तिनं बोट ठेवलं तेव्हा शिवलीलाला हसू आलं. ते तिच्या घराचं मागचं अंगण होतं.

तिनं रविवारी सकाळी विषय काढला. अप्पा कट्ट्यावर बसून सोड्याच्या रिकाम्या बाटल्या फडक्यानं पुसत होते. कारखाना बंद असला तरी बाटल्या ते आठवड्याला पुसत. तिनं सगळं सांगितलं, ओढ्याचं, हातपंपाचं, यास्मिनच्या थरांचं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “माझी विहीर बिघडली तर?”

“बिघडणार नाही असं मला वाटतं. पण खात्री नाही देता येत, अप्पा. असं इथं कुणी केलेलं नाही.”

“सुनावणीत पण असंच बोललीस. समोरच्याला हवं ते बोलली नाहीस.”

“तुम्ही उठून गेलात.”

अप्पांनी हातातली बाटली खाली ठेवली. “माझ्या मागं एक जण तुला नको ते बोलत होता,” ते म्हणाले. “आणखी बसलो असतो तर हात उचलला असता. या वयात पोलीस ठाण्यात गेलो असतो. म्हणून उठलो.”

इतके दिवस शिवलीला वेगळंच समजून होती. आतून अव्वा ऐकत होती. ती म्हणाली की हे त्यांनी मला तरी सांगायचं होतं, मी दोघांमध्ये उगाच झुरत बसले.

“मला वाटलं, कळलं असेल,” अप्पा म्हणाले. मग बाटली पुन्हा उचलत, “सोड की पाणी. आटलेल्या विहिरीला राखण करून मी काय मिळवणार आहे?”

कंपनी तयार व्हायला वेळ लागला, पण नगराध्यक्षा कोरे यांनी मनावर घेतलं. आंदोलनात मिळालं नाही ते असं मिळत असेल तर त्यांनाही हवंच होतं. केंद्रापासून बाजारपेठेपर्यंत नळ टाकला गेला. जुलैत आभाळ भरलं, यंत्र सुरू झालं आणि बिराजदारांच्या विहिरीत पाणी पडू लागलं. अप्पांनी खुर्ची टाकून पहिला दिवस तिथंच काढला. शेजारपाजारचे येऊन बघून जात. पाणी पडे आणि तळाशी नाहीसं होई. विहीर भरत नाही म्हणून लोक निराश झाले. यास्मिन मात्र खूश झाली. भरत नाही म्हणजे जमिनीत जातंय, असं तिनं सांगितलं.

ऑगस्टमध्ये खालच्या आळीतल्या एका विहिरीला पाणी चढलं, पण ते तांबडं, गढूळ होतं. धुराच्या पाण्यानं जमीन नासवली अशी बोंब झाली. शिवलीलाची झोप उडाली. तिनं रोज नमुने घेतले. विषारी काही सापडत नव्हतं. यास्मिन म्हणाली, भेगांतली जुनी माती धुऊन निघतेय, धीर धर. धीर धरणं अवघड होतं. लोक घरी येऊन अप्पांना विचारत की तुमच्या मुलीनं हे काय केलंय. आणि अप्पा, ज्यांनी तिच्या नोकरीविषयी कधी अवाक्षर काढलं नव्हतं, ते येणाऱ्याला बसवून लाव्हाचे थर समजावून सांगत. थर दाखवायला ते अव्वाच्या हातच्या भाकऱ्या वापरत, एकावर एक ठेवून, मध्ये चटणी. जरा चुकीचं सांगत, पण शिवलीलानं त्यांना दुरुस्त केलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास पाणी नितळ झालं. मग एकेक विहीर जागी होत गेली. मार्चमध्ये ऊन तापलं, केंद्र थंड पडलं, आणि विहिरींतलं पाणी तसंच राहिलं. नगरपालिकेनं विहिरींवर पंप बसवले. मे महिन्यात शिवलीलाला एकही फोन आला नाही.

त्या महिन्यात एका सकाळी अप्पांनी मागच्या विहिरीतून बादली काढली. मठाची कळशी त्या दिवशी आणली नव्हती. घोटभर पाणी तोंडात घेतलं, बराच वेळ घोळवलं आणि गिळलं. शिवलीला दारात उभी होती. तिला ठाऊक होतं की पाषाणात दहा महिने राहून त्या पाण्यानं क्षार घेतले आहेत. आकडे तिनं पाहिले होते. पण आकड्यांवरून तिला चव सांगता येत नव्हती.

“पहिल्यासारखं नाही,” अप्पा म्हणाले. “खारटपणा कमी आहे.” त्यांनी आणखी एक घोट घेतला. “पण याचा सोडा होईल.”

सोडा झाला. जुन्या गिऱ्हाइकांत दोन तट पडले, पूर्वीचा बरा म्हणणारे आणि आताचा बरा म्हणणारे, आणि दोन्ही तट रोज संध्याकाळी कारखान्यासमोर येऊन बाटल्या फोडत वाद घालू लागले. अप्पांचा धंदा त्या वादावर चांगला चालला.

केंद्र पुढे आणखी कमी चालू लागलं. बॅटऱ्या वाढल्या. आता पावसाळ्यातले दोन-तीन महिने आणि एरवी अचानक कुठे बिघाड झाला तर, एवढंच त्याचं काम उरलं. त्याला कुणी मोडीत काढलं नाही. सगळीकडे ढग असताना राज्य अंधारात जाऊ नये म्हणून ते हवंच होतं. पण बारमाही माणसं कमी लागणार होती. शिवलीलाला मराठवाड्यातल्या एका केंद्रावर बोलावणं आलं. तिथंही धुराड्यात नळ्या बसवायच्या होत्या आणि विहिरी भरायच्या होत्या, आणि तिथले लोकही आत्ताच विरोधाला उभे राहिले होते. तिनं होकार दिला. अव्वा रडली, मग शेंगाचटणी कुटायला बसली.

निघायच्या दिवशी अप्पा एसटी स्टँडपर्यंत आले. गाडीला वेळ होता. तिथली जमीन कशी आहे, पाषाण हाच का, लोक कशाला भितात, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. तिनं सांगितलं की तिथल्या एका म्हाताऱ्या पुढाऱ्यानं फाटकासमोर मांडव घातलाय, फार हट्टी माणूस आहे म्हणतात.

अप्पा हसले नाहीत. गाडी लागली, तिची पिशवी त्यांनी वर चढवून दिली आणि खिडकीपाशी येऊन उभे राहिले.

“त्याच्या घरी जा,” ते म्हणाले. “कागद नेऊ नकोस. जेवायला बस. आणि घाई करू नकोस त्याला.”